काचेच्या नळीतले रक्त

मी भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना काही महिने एका तालुक्याच्या रुग्णालयात काम करत होते. पावसाळ्यातल्या एका रात्री, दोनच्या सुमारास, आठवा महिना चालू असलेली एक बाई पोटात कळा येतात आणि अंगावरून खूप जाते म्हणून आली. वार आधीच सुटलेली होती, बाळाचे ठोके लागत नव्हते, आणि रक्तस्राव थांबण्याचे चिन्ह नसल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली. बाळ वाचणार नाही हे ठाऊक होतेच. प्रश्न आता आईचा होता. गर्भाशयावर टाके घालून झाले, ते आकसून हाताला दगडासारखे कठीण लागू लागले, तरीही रक्त थांबेना. सर्जन जिथे नवा टाका घालत, तिथल्या सुईच्या भोकातूनच नव्याने रक्त झिरपू लागे. हातातल्या सलाइनच्या सुईभोवतीची चिकटपट्टी भिजली होती, आणि मी श्वासाची नळी घालताना हिरडीला झालेल्या एवढ्याशा जखमेतूनही रक्त येत होते.

तिथल्या वयस्कर सिस्टरांनी कोणाला न विचारता बाईच्या दुसऱ्या हातातून पाच मिलिलिटर रक्त काढले, ते कोरड्या काचेच्या साध्या नळीत घातले, नळी मुठीत धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ मोठ्याने सांगितली. दहा मिनिटांनी त्यांनी मूठ उघडून नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखे वाहत काठापर्यंत आले. "मॅडम, टाक्यांनी नाही थांबायचे हे," एवढेच त्या म्हणाल्या. सर्जनांनी सुई खाली ठेवली, मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या जाड कापडी घड्या, दाबून धरले, आणि आम्ही जिल्ह्याच्या रक्तपेढीला फोन लावला. बाईचा दीर मोटरसायकलवरून थर्माकोलच्या डब्यात पिशव्या घेऊन येईपर्यंत जो वेळ गेला, तो मी आजही मिनिटामिनिटाने सांगू शकेन. प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर कधीतरी आला, आणि त्यात सिस्टरांच्या मुठीतल्या नळीने आधीच सांगितले होते तेच होते. पहाटे पुन्हा काढलेले रक्त सातव्या मिनिटाला घट्ट झाले आणि नळी पूर्ण उलटी केली तरी जागचे हलले नाही. बाई वाचली.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना रक्त साकळण्याची क्रिया शिकवताना मी गेली कित्येक वर्षे त्या नळीपासून सुरुवात करते. याचे कारण असे की आपले विद्यार्थी फॅक्टरांची, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या रक्तातल्या घटकांची, साखळी बारा ते एक आणि एक ते बारा अशी दोन्हीकडून म्हणून दाखवू शकतात. परंतु समोरच्या रुग्णाचे रक्त साकळते आहे की नाही, हे रक्ताकडे पाहून सांगा म्हटले की बहुतेकांची नजर अहवालाच्या कागदाकडे जाते.

ती साखळी १९६४ साली पुढे आली. त्या एकाच वर्षी इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे असे मांडले की रक्तातला एक फॅक्टर दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि धबधब्याच्या पायऱ्यांवरून पाणी उतरावे तशी ही क्रिया वाढत वाढत शेवटी गुठळी धरून ठेवणाऱ्या फायब्रिनच्या धाग्यांच्या जाळ्यापर्यंत पोचते. नळीत काय घडते हे समजून घ्यायला ही मांडणी आजही उत्तम आहे. काचेचा पृष्ठभाग फॅक्टर १२ ला जागे करतो, तिथून ११, ९, ८, १० असे करत थ्रॉम्बिन हे एन्झाइम तयार होते आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे फायब्रिन करते. म्हणूनच ही तपासणी प्लास्टिकच्या नळीत करायची नसते, आणि काचेची नळीसुद्धा साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल तर चालत नाही; अशा भिंतीवर फॅक्टर १२ नीट जागा होत नाही आणि चांगले रक्तही पातळच राहिलेले दिसते.

आता याच ठिकाणी थांबून एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. शरीरात काच कुठे आहे? १९५५ साली रॅटनॉफ यांनी एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा रुग्ण, जॉन हेगमन, रेल्वेत काम करणारा होता. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याचे रक्त काचेच्या नळीत साकळायला फार वेळ लागतो असे आढळले होते, पण त्याला आयुष्यात रक्तस्रावाचा त्रास म्हणून झालेला नव्हता. त्याच्या रक्तात जो फॅक्टर नव्हता त्यालाच पुढे हेगमन फॅक्टर, म्हणजे फॅक्टर १२, असे नाव पडले. पुढे १९६८ साली कमरेचे हाड मोडल्यानंतर त्याचा मृत्यू झाला, आणि तो रक्तस्रावाने झाला नाही. फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी अडकल्याने झाला. नळीत ज्याचे रक्त साकळत नव्हते तो माणूस गुठळीने गेला, हे एकदा नीट मनात उतरले की नळीतली क्रिया आणि जखमेतली क्रिया यांत फरक आहे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

जखमेत सुरुवात काचेने होत नाही, टिश्यू फॅक्टरने होते. हा पदार्थ रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेरच्या पेशींवर कायम तयार असतो आणि वाहिनी फाटली की त्याची रक्तातल्या फॅक्टर ७ शी गाठ पडते. त्यातून प्रथम अगदी थोडे थ्रॉम्बिन तयार होते. एवढ्या थ्रॉम्बिनने गुठळी होत नाही, परंतु ते आजूबाजूच्या प्लेटलेटना चेतवते आणि फॅक्टर ५, ८ आणि ११ यांना कामाला लावते. तोवर वाहिनी आकसलेली असते, फॉन विलेब्रँड फॅक्टरच्या आधाराने प्लेटलेट फाटलेल्या जागी चिकटलेल्या असतात, आणि खरी मोठी क्रिया आता या प्लेटलेटच्या पृष्ठभागावर होते. तिथे थ्रॉम्बिनचा लोंढा तयार होतो आणि त्यातून फायब्रिनचे घट्ट जाळे विणले जाते. हिमोफिलिया झालेल्या मुलाचे कोड यावरून उलगडते. त्याची सुरुवातीची क्रिया शाबूत असते, बोट कापले तर प्लेटलेटचे बूच बसते आणि रक्त थांबतेही. परंतु ८ किंवा ९ नसल्यामुळे तो लोंढा येत नाही, जाळे कच्चे राहते, आणि काही तासांनी गुडघा सुजू लागतो. फॉन विलेब्रँड रोगात उलट घडते: बूचच नीट बसत नाही, म्हणून नाक, हिरड्या आणि मासिक पाळी यांतून रक्त जाते.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाची माहिती घेताना म्हणूनच नेमके प्रश्न विचारायला हवेत. "रक्तस्रावाचा काही आजार आहे का?" या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण नाही म्हणतो. दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशीही रक्त येत होते का, पाळीत किती दिवस आणि किती कपडे बदलावे लागतात, बाळंतपणानंतर रक्त द्यावे लागले होते का, मामाला किंवा मामेभावाला असा काही त्रास आहे का, असे विचारले की उत्तरे वेगळी येतात. सौम्य फॉन विलेब्रँड रोगात पीटी आणि एपीटीटी या साकळण्याचा वेळ मोजणाऱ्या दोन्ही तपासण्या बिनचूक येऊ शकतात, पण तो रोग या उत्तरांत सापडतो. औषधांची पिशवीच घरून आणायला सांगावी, कारण ॲस्पिरिनला पुष्कळ जण "रक्त पातळ होण्याची गोळी" म्हणून ओळखतात, तर काही जण ती गोळी आहे हेच विसरतात. तिचा परिणाम प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलाशी या. रक्तस्राव होऊ लागला की पहिला प्रश्न एकच असतो: एखादी वाहिनी उघडी आहे, की रक्तच साकळत नाही? पहिल्या प्रकाराला सर्जिकल रक्तस्राव म्हणतात आणि त्याचे उत्तर सर्जनच्या हातात असते. दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी भूलतज्ज्ञाकडे आणि रक्तपेढीकडे असते. या दोहोंतला फरक डोळ्यांना दिसतो. वाहिनीचे रक्त एका जागेवरून येते, पुसले की पुन्हा त्याच जागी उसळते, आणि पोटात साचलेल्या रक्तात जांभळट गुठळ्या दिसतात. साकळत नसलेले रक्त सगळीकडून झिरपते: त्वचेच्या कडेतून, सुईच्या भोकांतून, लघवीच्या नळीतून, आदल्या दिवशी रक्त काढलेल्या दंडातल्या टोचणीतून, आणि साचलेल्या रक्तात, मॉपवर किंवा रुग्णाच्या अंगावरच्या हिरव्या कापडावर कुठेही गुठळी नसते. विद्यार्थ्यांना मी सांगते की टेबलाच्या डोक्याकडे उभे असाल तेव्हा मॉनिटरइतकेच लक्ष त्या हिरव्या कापडावरच्या रक्ताकडे ठेवा. अर्थात दोन्ही प्रकार एकत्र असू शकतात, आणि बराच वेळ चाललेला पहिला प्रकार दुसऱ्याला घेऊन येतोच, कारण वाहून गेलेल्या रक्ताबरोबर प्लेटलेट आणि फॅक्टरही जातात.

सर्जनच्या हातातल्या उपायांत सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे दाब. बोट किंवा मॉप ठेवून घड्याळ लावून पाच मिनिटे दाबायचे, आणि मध्ये उचलून पाहायचे नाही. जो दर वीस सेकंदांनी उचलून पाहतो तो नुकते बसू लागलेले बूच प्रत्येक वेळी काढून टाकतो. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडे मिटवणे, थंडाव्याने रक्त थिजवणे, राखेने कोरडे करणे आणि डागणे, असा त्यांचा ढोबळ अर्थ. यांतले शेवटचे दहन आजही रोज प्रत्येक ऑपरेशन थिएटरात चालते. १९२६ साली बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचे विजेचे यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले, त्यालाच आज आपण कॉटरी म्हणतो. पोटात यकृत फाटलेले असेल आणि रुग्ण गार पडत चालला असेल, तर मॉप ठासून, पोट तात्पुरते झाकून, त्याला अतिदक्षता विभागात नेणे आणि एकदोन दिवसांनी पुन्हा उघडणे, हा आज मान्य झालेला मार्ग आहे. माझ्या शिकण्याच्या काळात अर्धवट शस्त्रक्रिया करून बाहेर येणे कमीपणाचे मानले जाई. त्या समजुतीने रुग्ण गमावले जात, असे मला ठामपणे वाटते.

"गार पडत चालला असेल" हे शब्द मी मुद्दाम वापरले. साकळण्याची सगळी क्रिया एन्झाइमांची आहे आणि एन्झाइमांना ऊब लागते. शरीराचे तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की प्लेटलेटही मंदावतात आणि फॅक्टरही. यातली खरी अडचण अशी आहे की प्रयोगशाळेत पीटी आणि एपीटीटी या तपासण्या ३७ अंशांवर केल्या जातात. थंड रुग्णाचे रक्त तिथे आधी उबेला आणले जाते आणि मग तपासले जाते, त्यामुळे अहवाल चांगला येतो आणि इकडे जखम झिरपतच राहते. रुग्णाला पांघरूण घालणे, थिएटरचा एसी कमी करणे आणि सलाइन कोमट करून देणे हे रक्त थांबवण्याचेच उपाय आहेत. ऊतींना रक्त कमी मिळाल्यामुळे सामू उतरतो, त्यानेही साकळणे बिघडते, आणि रक्त न साकळल्यामुळे रक्तदाब आणखी पडतो. थंडी, आम्लता आणि न साकळणे या तिन्ही गोष्टी एकमेकींना ओढत नेतात.

चौथी गोष्ट कॅल्शियम. फॅक्टर ४ म्हणून आपण ते पाठ करतो आणि विसरतो. रक्त पिशवीत पातळ राहते ते सायट्रेटमुळे, आणि सायट्रेट तिथे कॅल्शियमलाच बांधून ठेवत असते. १९१४ साली बेल्जियममध्ये हुस्टिन यांनी आणि अर्जेंटिनात आगोते यांनी सायट्रेट घातलेले रक्त माणसाला दिले, तोवर रक्तदात्याला रुग्णाच्या शेजारी निजवून रक्त द्यावे लागे. आपली सगळी रक्तपेढी त्या एका मिठावर उभी आहे. मात्र पिशव्यांमागून पिशव्या वेगाने दिल्या की तेच सायट्रेट रुग्णाच्या रक्तातले कॅल्शियम बांधू लागते. यकृत ते एरवी निकाली काढते, पण रक्तदाब पडलेल्या रुग्णाचे यकृत ते काम वेळेत करू शकत नाही. म्हणून भराभर रक्त देताना शिरेतून कॅल्शियमही द्यावे लागते. याच कारणाने रक्ताच्या नळीतून रिंगर लॅक्टेट देत नाहीत, कारण त्यात कॅल्शियम असते आणि नळीतच गुठळी होऊ शकते. डेक्स्ट्रोजही देत नाहीत, कारण त्यात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि फुटतात. रक्ताबरोबर फक्त नॉर्मल सलाइन.

किती रक्त गेले याचा अंदाज आपण सगळेच कमी करतो. बेळगावच्या परिसरात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर जे काम झाले, त्यात बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी पसरून रक्त मोजले गेले, आणि नुसत्या नजरेने केलेला अंदाज मोजलेल्या रक्तापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. मॉप कोरडा आणि भिजलेला असा दोनदा तोलावा. एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. साठ किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ४२०० मिलिलिटर रक्त असते, आणि तरुण माणसाचे १२०० मिलिलिटर गेले तरी त्याचा वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. नाडी मात्र वाढते आणि हातपाय गार पडतात. हिमोग्लोबिन पहिल्या तासात काहीच सांगत नाही. वाहणारे रक्त आणि उरलेले रक्त सारखेच दाट असते, पाणी आत आल्यावरच तो आकडा खाली येतो. "एचबी दहा आहे, सर" या वाक्याने धीर मिळालेला इंटर्न मी अनेकदा पाहिला आहे.

साकळलेली गुठळी शरीर नंतर विरघळवतेही, आणि मोठ्या इजेत किंवा बाळंतपणात ही क्रिया वेळेआधीच सुरू होते. ती रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधले आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. अपघातातल्या २०,००० हून अधिक रुग्णांवरचा क्रॅश-२ हा अभ्यास २०१० मध्ये आणि बाळंतिणींवरचा तेवढाच मोठा वुमन हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींचे सांगणे एक होते: हे औषध तीन तासांच्या आत द्या. स्वस्त औषध आहे, तालुक्याला मिळते, आणि ते द्यायला उशीर करू नये.

आता रक्त देण्याकडे वळू. आपल्याकडे नातेवाईक अजून "दोन बाटल्या चढवल्या" असेच म्हणतात. काचेच्या बाटल्या जाऊन फार दिवस झाले, पण त्या शब्दात एक गैरसमज टिकून आहे, आणि तो विद्यार्थ्यांतही असतो: रक्त म्हणजे एकच वस्तू. रक्तपेढीत दात्याचे रक्त वेगळे केले जाते. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत, पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलत ठेवून, पाच दिवस. प्लाझ्मा उणे ३० अंशांत वर्षभर, आणि द्यायच्या आधी तो ३७ अंशांच्या पाण्यात वितळवावा लागतो, ज्याला वीसपंचवीस मिनिटे लागतात. म्हणून तो लागेल असे वाटताच मागवायचा, लागल्यावर नव्हे. त्या रात्रीच्या बाईला फक्त तांबड्या पेशी देत राहिलो असतो तर हिमोग्लोबिन सुधारले असते आणि रक्त पातळच राहिले असते, कारण तिला कमी पडत होते ते फायब्रिनोजेन. गरोदरपणात ते दर १०० मिलिलिटरला ४०० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत वाढलेले असते, त्यामुळे बाळंतिणीत २०० हा आकडा पाहून "नॉर्मल आहे" असे म्हणणे ही घातक चूक ठरते. फायब्रिनोजेन दाट स्वरूपात क्रायोप्रेसिपिटेट या प्लाझ्मापासून काढलेल्या घटकात मिळते. सर्पदंशात मात्र गणित वेगळे आहे. कोकणातले फुरसे किंवा देशावरची घोणस चावलेल्या माणसाचे रक्तही नळीत वीस मिनिटांनी पातळच राहते, पण तिथे आधी प्रतिविष द्यायचे. रक्तात विष असेपर्यंत वरून दिलेले फायब्रिनोजेनही ते खाऊन टाकते.

रक्तस्राव थांबलेल्या आणि स्थिर असलेल्या रुग्णाला रक्त कधी द्यावे, यावर कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतला १९९९ सालचा अभ्यास आजही पायाभूत आहे. हिमोग्लोबिन दहाच्या खाली जाताच रक्त दिलेल्या रुग्णांपेक्षा, सातपर्यंत थांबलेल्या रुग्णांचे काही वाईट झाले नाही. एक पिशवी द्यावी, पुन्हा पाहावे. हृदयविकाराचा रुग्ण वेगळा, आणि डोळ्यांदेखत वाहणारा रुग्ण तर अगदीच वेगळा. त्याच्यासाठी सातचा आकडा गाठण्याची वाट पाहायची नसते. प्लेटलेटच्या बाबतीत दर पावसाळ्यात जे होते त्याने मला वाईट वाटते. डेंगीच्या रुग्णाचे नातेवाईक चाळीस हजारांचा आकडा हातात धरून रात्रभर शहरातल्या रक्तपेढ्या धुंडाळतात. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांपर्यंत सहसा प्लेटलेट देण्याची गरज नसते, आणि मोठ्या शस्त्रक्रियेलाही पन्नास हजार पुरतात. मेंदू आणि डोळ्यांसाठी एक लाख धरतात. हे त्यांना शांतपणे सांगायला पाच मिनिटे लागतात.

रक्तगट लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शोधले, पण त्यातला एक धडा मुंबईचा आहे. १९५२ साली सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले की ज्यांच्या पेशी ओ गटासारख्या दिसत, पण ज्यांना ओ गटाचे रक्तही चालत नव्हते. ए आणि बी ज्या एच पदार्थावर उभे राहतात, तो पायाच या माणसांत नसतो, आणि त्यांच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त. बॉम्बे रक्तगट जगभर याच नावाने ओळखला जातो, आणि आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. नुसत्या पेशी तपासल्या तर ही व्यक्ती ओ म्हणून नोंदली जाते. रक्तद्रव ओ पेशींशी ताडून पाहिला तरच सापडते. असे उलट बाजूने गट तपासणे आणि क्रॉसमॅच करणे, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहणे, हे वेळ खाणारे सोपस्कार आहेत असे ज्याला वाटते, त्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

तरीही रक्त चुकीचे दिले जाते ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या चुकीमुळे नव्हे. एका वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते. पिशवी हातात घेऊन मी खाटेपाशी गेले आणि विचारले, "तुम्ही शिंदे ना?" त्यांनी हो म्हटले. मी नळी जोडणार, तेवढ्यात सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा, बाबा." त्यांनी सांगितलेले नाव पिशवीवरचे नव्हते. पिशवी बी गटाची होती आणि त्या गृहस्थांचा गट ओ होता. त्या दिवसापासून मी रुग्णाला त्याचे नाव सांगत नाही. त्याच्या तोंडून नाव, वडिलांचे नाव आणि गाव ऐकते, मग केसपेपरवरचा नंबर, पिशवीवरचा नंबर आणि क्रॉसमॅचच्या चिठ्ठीवरचा नंबर दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेते. नमुना घेतानाही हेच. नळीवर नाव खाटेपाशीच लिहायचे, टेबलावर जाऊन चार नळ्यांवर एकदम लिहायचे नाही.

भुलीखालचा रुग्ण नाव सांगू शकत नाही, आणि कंबर दुखते, छातीत भरून येते, थंडी वाजते असेही सांगू शकत नाही. चुकीचे रक्त गेले की त्याच्यात तीनच गोष्टी दिसतात: रक्तदाब पडतो, लघवीच्या पिशवीत लालसर लघवी येते, आणि इतका वेळ कोरडी असलेली जखम अचानक सगळीकडून झिरपू लागते, कारण फुटलेल्या पेशींमुळे साकळण्याची क्रिया शरीरभर पेटते आणि संपते. ज्या रक्तस्रावासाठी रक्त चालू केले तो वाढला म्हणून आणखी रक्त लावले जाण्याचा धोका इथेच असतो. म्हणून रक्त चालू असताना नव्याने झिरपणे सुरू झाले तर पहिला हात नळीच्या चिमट्याकडे जायला हवा. रक्त बंद करावे, संच बदलून नॉर्मल सलाइन चालू ठेवावे, नावे आणि नंबर पुन्हा ताडून पाहावेत, उरलेली पिशवी तिच्या नळीसकट रक्तपेढीला परत पाठवावी, आणि तिच्यासोबत दुसऱ्या हातातून नव्याने घेतलेले रक्त आणि पहिली लघवी पाठवावी. गडबडीत पिशवी कचऱ्याच्या बादलीत जाते. रुग्ण टेबलावर असेपर्यंत ती बादली थिएटरबाहेर जाऊ देऊ नये.